टाकीआधी पाण्याचा हिशोब मांडा

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झाले आणि खेड्यापाड्यांत पाण्याच्या उंच टाक्यांची कामे निघू लागली. बागलाण तालुक्यातल्या नामपूरकरांना आणि मोसम नदीकाठच्या सगळ्याच गावांना माझे सांगणे एवढेच आहे, की नव्या टाकीचा पाया खोदण्याआधी ग्रामसभेत बसून तिचा मागचा-पुढचा हिशोब मांडा. टाकीत पाणी कुठून येणार, मे महिन्यात येणार का, आणि वापरून झालेले पाणी कुठे जाणार, हे कागदावर उतरवून घ्या. हे काम बाहेरचे कोणी येऊन करून देणार नाही.

असे म्हणण्याला कारण आहे. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते ती 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेमुळे. त्या यादीत धरणे आहेत, खाणी आहेत, कारखाने आहेत, 20 हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामे आहेत. गावची टाकी त्यात कुठेच बसत नाही. त्यामुळे जनसुनावणी नाही, अहवाल नाही, हरकती मागवणे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1970 पासूनच्या कायद्याने नगरपालिकेला साध्या टाकीसाठीसुद्धा बहुतेक वेळा प्राथमिक तपासणी करून ती लोकांपुढे ठेवावी लागते आणि किमान 20 दिवस लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. आपल्याकडे तसे बंधन नाही, पण ग्रामसभा आहे. मनावर घेतले तर तेच काम ती करू शकते.

सगळ्यात आधी उद्भव, म्हणजे पाणी जिथून घ्यायचे ती जागा, पाहा. टाकी म्हणजे साठवण. तिच्यात स्वतःचे पाणी थेंबभर नसते. मोसम नदी साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतून येते आणि हरणबारी धरणात अडते. या धरणाची साठवण 1166 दशलक्ष घनफूट. त्यावर बागलाणची गावे आहेत आणि खाली मालेगाव तालुक्यातलीही. नदीकाठच्या विहिरींना पाणी टिकते ते आवर्तनावर, म्हणजे धरणातून पाळीने सोडलेल्या पाण्यावर, आणि पात्रातल्या वाळूवर. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तिथे फार मावत नाही. वाळू पाणी धरून ठेवते. जिथे पात्र खरवडून नेले, तिथे आवर्तन येऊन गेल्यावर चार दिवसांत विहीर पुन्हा तळाला जाते. म्हणून आराखड्यात ‘विहीर’ असा एक शब्द लिहिलेला दिसला की तेवढ्यावर समाधान मानू नका. एप्रिल-मे महिन्यात त्या विहिरीतून सलग उपसा करून चाचणी घेतली का, किती तास मोटर चालली, पाणी किती खाली गेले आणि परत वर यायला किती वेळ लागला, हे विचारा. ऑक्टोबरात घेतलेली चाचणी बागलाणात कामाची नाही. ऑक्टोबरात कोणतीही विहीर भरलेलीच असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा उद्भवाबद्दलचा दाखला योजनेच्या कागदपत्रांत असतो. तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि तारीख बघा.

उद्भवाला शेजार कोण, हेही बघा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय नवी विहीर खोदता येत नाही, असे 1993 च्या कायद्यापासून आहे. गावात हे माहीत असते, पण बोलत कोणी नाही, कारण बोअर घेणारा आपलाच भाऊबंद असतो. डाळिंबाची बाग वाचवायला माणूस काय करणार, हे मला समजते. तरी गावाच्या विहिरीला खेटून दोन-तीनशे फुटांचे बोअर झाले, तर नवी टाकी फक्त लांबून दिसायला राहील. योजनेवर लाखो रुपये घालण्याआधी ही गोष्ट भावकीत बसून मिटवावी लागते.

वरच्या आणि खालच्या गावांचेही असेच. कळवण तालुक्यातल्या पुनंद धरणातून सटाण्याला पाणी आणायचे ठरले तेव्हा कळवणच्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध बागलाणात सगळ्यांना आठवत असेल. सटाणेकरांची तहान खरी होती आणि कळवणकरांची भीतीही खरी होती. जलवाहिनी आखण्याआधी दोन्हीकडच्या लोकांपुढे पाण्याचा ताळेबंद ठेवला, तर अशा वेळी बोलायला काही आधार राहतो. पाण्याचे सगळ्यांनी मिळून ठरवायची रीत मोसम खोऱ्याला नवी नाही. फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाट निघायचा, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळे मिळून ठरवायचे, आणि पाटकरी ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचे, पण ठरवायचे सगळ्यांनी.

आता जागा. गावठाणात जागा मिळत नाही म्हणून टाकी शाळेच्या आवारात किंवा अंगणवाडीच्या मागे घेण्याची आपल्याकडे सवय पडली आहे. ही सवय सोडा. एक लाख लिटर पाणी म्हणजे 100 टन वजन, टाकीचे स्वतःचे वजन वेगळे, आणि हे सगळे उंच खांबांवर. 24 ऑक्टोबर 2024 ला पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत कामगारांच्या वसाहतीतली पाण्याची टाकी कोसळली आणि पाच कामगार गेले. ती काही मोठ्या योजनेची टाकी नव्हती, तरी पाण्याचे वजन काय करते ते त्या सकाळी दिसले. नदीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया मुरमात किंवा खडकात गेला पाहिजे. त्यासाठी मातीपरीक्षण झाले का, खड्डे किती खोल घेतले, हे विचारायला अभियंता असावे लागत नाही.

टाकी बांधून झाली की एक परीक्षा गावाने डोळ्यांनी पाहायची असते. भारतीय मानकानुसार टाकी भरून 7 दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचे आणि त्यानंतरचे 7 दिवस बाहेरची बाजू कोरडी राहते का ते बघायचे. रोज सकाळी, ऊन चढण्याआधी, खाली उभे राहून टाकीचा तळ आणि जोड निरखा. ओलसर डाग, पांढरी धार, ठिबकणारे पाणी दिसले तर मोबाइलवर तारखेसह फोटो काढा. रंग देण्याआधी बघा. रंगाखाली ओल झाकली जाते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेकेदाराचे अंतिम बिल निघून गेलेले असते. आतल्या सळया गंजायला लागल्या की खर्च गावावर येतो.

विजेचा हिशोब थोडक्यात सांगतो. एक लाख लिटर पाणी 20 मीटर उंच चढवायला, मोटर-पंपाची घट धरून, साधारण 9 युनिट लागतात. टाकी गरजेपेक्षा उंच केली किंवा विहीर दूर धरली, तर ते बिल वर्षानुवर्षे पाणीपट्टीतून भरायचे आहे. थकबाकीमुळे वीज तोडली गेली की टाकी असूनही गाव टँकरची वाट बघते.

ज्या गोष्टीबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो, ती म्हणजे सांडपाणी. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आहे. म्हणजे हजार माणसांमागे 55 हजार लिटर. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पुन्हा बाहेर पडते, असे पाणीपुरवठ्याचे आराखडे करताना धरतात. तेव्हा हजार माणसांमागे रोज 44 हजार लिटर घाण पाणी तयार होणार. आज हंड्याने पाणी भरणाऱ्या घरात उद्या नळ आला की मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून मोसमेत. मालेगावात पोहोचेपर्यंत मोसमेची काय दशा होते ते गिरणेच्या संगमाकडे जाताना कोणीही बघावे. नामपूरचे पाणीही त्याच पात्रात उतरते आणि खालच्या गावांच्या विहिरी त्याच पात्राला लागून आहेत. शोषखड्डे घ्यायचे, परसबाग करायची, की नाल्याच्या तोंडाशी स्थिरीकरण तळे बांधायचे, हे जागा बघून ठरेल. पण नळजोडणीच्या आराखड्यालाच ते जोडून घ्या. नंतर करू म्हटलेले सांडपाण्याचे काम होत नाही, हा सगळ्या गावांचा अनुभव आहे.

टाकी धुतल्यावर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मिसळलेले पाणी सोडायचे कुठे, हेही आत्ताच ठरवा. ते सरळ ओढ्यात सोडले की मासे मरतात. टीसीएलचे पोते टाकीखाली दमट जागेत उघडे पडले असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि पाणी शुद्ध झाले या समजुतीत गाव राहते. जलसुरक्षकाला शेवटच्या घरच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, करून दाखवायला सांगा. पाण्याला पिवळी छटा आली तर औषध तिथवर पोचले. आली नाही तर टाकीजवळची नोंदवही कितीही नीटनेटकी असो, तिचा उपयोग नाही.

हे सगळे मांडायचे कुठे? वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पाण्याचा विषय महिला सभेतच आधी घ्या, कारण नळ किती वाजता येतो आणि किती वेळ टिकतो हे बायकांना ठाऊक असते. गावातल्या कामाच्या खर्चात साधारणपणे 10 टक्के लोकवर्गणी धरलेली आहे. पैसे तुमचे, म्हणून विचारणेही तुमचे. अंदाजपत्रक, उद्भवाचा दाखला, मातीपरीक्षण आणि टाकीच्या चाचणीची नोंद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा; 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्याच कायद्याने चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचाही हक्क दिला आहे. अर्ज एकट्याने करू नका, पाच-सात घरांनी आपापल्या नावाने करा, म्हणजे कोणा एकाला गावात तोंड चुकवत फिरावे लागत नाही. सभेत जे ठरेल ते इतिवृत्तात शब्दश: लिहून घ्या, ग्रामपंचायतीकडून ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या, आणि ठेकेदाराला कामाचा आदेश देताना ती प्रत सोबत जोडली आहे का ते बघा.