पहारा नको, लक्ष हवे

आई-वडील गावी आणि मुले शहरात, हे चित्र आता आपल्या समाजात घरोघर दिसते. आपण शिकलो, नोकरीला लागलो, पोटासाठी बाहेर पडलो. ज्यांनी उपाशी राहून शिकवले ते मागे राहिले. आपण त्यांना टाकलेले नसते आणि त्यांनाही हातपाय चालतात तोवर आपले घर सोडायचे नसते. मग रोज रात्री फोन होतो. ‘बरे आहात ना?’ ‘बरे आहोत.’ एवढ्यावर आपण निर्धास्त झोपतो. आम्हीही असेच झोपत होतो. २०२४ च्या पावसाळ्यात आमचे डोळे उघडले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण ती आमच्या एकट्याची नाही.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, मनमाडच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाले. तेव्हा त्यांचे वय ७९ होते आणि आईचे ७३. दोघे तिथेच राहतात. आम्ही कल्याणला राहतो आणि कारकुनी करतो. धाकट्या बहिणीचे सासर नाशिकला आहे. कल्याणहून मनमाड चार तासांवर, म्हणजे फार लांब नाही. पण नोकरदार माणसाला अंतर तासांत नव्हे, रजेत मोजावे लागते.

त्या आठवड्यात आम्ही रोज फोन केला होता. रोज ‘बरे आहे’ हेच उत्तर मिळाले. रविवारी मनमाडहून दादांच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. विहारात दोघे शेजारी बसतात. दादा आले नाहीत म्हणून ते घरी डोकावले, तर दादांचे मनगट सुजून टम्म झालेले! चार दिवसांपूर्वी पहाटे ते बाथरूममध्ये पडले होते. दाराला आतून कडी. आई बाहेरून हाका मारत होती. दादा ओल्या फरशीवरून सरकत दारापर्यंत आले आणि कसाबसा हात वर नेऊन त्यांनी कडी काढली, तोवर अर्धा तास गेला होता. नंतर हळद लावून दोघे गप्प बसले.

मिळेल त्या गाडीने आम्ही मनमाड गाठले. मनगटाचे हाड मोडले होते, प्लास्टर घातले. मग आम्ही आईवर रागावलो. ‘रोज फोन करत होतो, एका शब्दाने सांगितले नाहीस?’ आई शांतपणे म्हणाली, ‘तूच म्हणाला होतास ना, या महिन्यात एकही रजा उरली नाही म्हणून.’

आम्ही निरुत्तर झालो. वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो, सभेत कुटुंबाविषयी बोलतो आणि आमच्याच आईला आमच्या आवाजातली घाई ऐकून दुखणे लपवावे लागले. म्हातारी माणसे खोटे बोलत नाहीत. ती आपल्याला त्रासातून वाचवतात.

बिनपगारी रजा टाकून आम्ही आठ दिवस राहिलो, तेव्हा फोनवर कधीच न कळलेल्या गोष्टी दिसल्या. दादांचा सदरा खांद्यावरून उतरत होता, म्हणजे वजन घटले होते. बाथरूमचा दिवा जाऊन महिना झाला होता. वर्षानुवर्षांच्या पाणीटंचाईने मनमाडकरांना पाणी साठवायची सवय लागलेली, त्यामुळे वाटेत हंडे आणि बादल्या होत्या. आणि औषधांच्या डब्यात सर्वांत मोठी गोष्ट सापडली. रक्तदाबाची एक गोळी जुन्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी नव्या डॉक्टरांनी. नावे निराळी, कंपन्या निराळ्या, औषध मात्र एकच! दादा इमानेइतबारे दोन्ही घेत होते. सकाळी उठताना येणारी चक्कर ‘वयामुळे’ असे सगळेच समजत होते. दोन्ही पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवली, त्यांनी एक बंद केली आणि आठवड्याभरात चक्कर कमी झाली. वाचकांनी आपल्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये. सगळी पाकिटे पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवावीत.

पुढे काय, यावर घरात बैठक बसली. आम्ही म्हणालो, दोघांनी कल्याणला यावे. दादा पंधरा दिवस आलेही. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आम्ही दोघे कामावर, मुले कॉलेजात. मनमाडला रस्त्याने जाताना दहा जणांचा जयभीम घेणारा माणूस आमच्या गॅलरीत बसून खालच्या रिक्षा मोजू लागला. प्लास्टर निघताच म्हणाले, ‘आता मला पोचवून दे.’ मग भाचा म्हणाला, मनमाडच्या घरात कॅमेरा बसवू, सगळ्यांना मोबाईलवर दिसेल. त्यावर आई उसळली. ‘आम्ही काय कैदी आहोत? मी पदर सावरला की नाही हे तुम्ही सगळे बघणार?’

आईचे म्हणणे आम्हाला पटले. पहारा संशयितावर ठेवतात. आई-वडिलांकडे लक्ष द्यायचे असते, आणि ते त्यांना विचारून, त्यांचा मान राखून. त्यांचे घर, त्यांचा पैसा, त्यांचे निर्णय त्यांचेच राहिले पाहिजेत.

मग दोघांना विचारूनच व्यवस्था लावली. ती अशी.

रोज सकाळी सहाला दादा घरच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘जयभीम’ टाकतात. सातपर्यंत आला नाही, तर आम्ही फोन करतो. उचलला नाही, तर साडेसातला बहीण शेजारच्या ताईंना कळवते. त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असे कुलूप बसवले. भिंतीला धरायला दांडी लावली, रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला, हंडे वाटेतून हलवले. अंथरुणातून एकदम उठायचे नाही, मिनिटभर कडेला बसून मग पाय टाकायचा, हे दादांनी स्वतःच अंगवळणी पाडले. आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत बहीण भरते. भिंतीवर ठळक अक्षरांत कागद आहे. त्यावर औषधांची नावे, डॉक्टर, आम्ही, बहीण, शेजारच्या ताई आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

फोन आता आम्ही निवांत बसून करतो आणि ‘बरे आहात ना’ असे विचारत नाही. त्या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेले असते. भाजी कोणती केली, दुकानात कोण भेटले, रात्री कितीदा उठलात, असे विचारले की खरे बाहेर येते. महिन्यातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी जातो आणि डोळ्यांनी पाहतो. बिले भरली का, भांडी करपतात का, गोळ्या उरतात का, चालण्यात फरक पडला का.

काही खुणा ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नयेत. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर शरीरातले पाणी किंवा मीठ कमी होणे, लघवीचा संसर्ग, औषधाचा परिणाम अशी बरी होणारी कारणे असू शकतात. तोंड वाकडे होणे, एका हाताची शक्ती जाणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी मुलगा येण्याची वाट पाहू नये, सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

हल्ली चोर फोनवरूनही घरात शिरतो. पोलीस असल्याचे भासवून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालतात आणि आयुष्याची पुंजी उकळतात. असा कोणताही अटकेचा प्रकार कायद्यात नाही, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावे. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करावी.

सरकारी सोयींची माहितीही असू द्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत घेतले जाते. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तीत तरतूद आहे. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याने आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागता येतो. पण तिथवर जाण्याची पाळी यावी हीच आपली नामुष्की.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. महिन्याला पैसे पाठवले की आपल्या खात्यावर जमा दिसते. पण विचारपूस केली नाही, तर नावेची बाजू वाढतच जाते आणि ती एका दिवसात फेडता येत नाही. भावंडांनीही ‘मी पैसे देतो, तू जा’ असे न म्हणता दोन्ही वाटून घ्यावे. सगळा भार जवळ राहणाऱ्या बहिणीवर किंवा सुनेवर टाकू नये.

मंडळाच्या तरुणांना एक विनंती. आपल्या वस्तीत एकटे राहणारे वृद्ध किती आहेत, याची यादी करा आणि प्रत्येक दारी आठवड्यातून एकदा जा. आमच्या दादांची रिकामी जागा ज्यांच्या लक्षात आली, तसा एक माणूस प्रत्येक म्हाताऱ्याला मिळाला पाहिजे.

परवा गंमत झाली. कामावर निघण्याच्या धांदलीत आम्ही दादांच्या ‘जयभीम’ला उत्तर द्यायचे विसरलो. सव्वासातला लोकल ठाकुर्लीला आली आणि खिशात फोन वाजला.

‘काय रे, तुझा जयभीम आला नाही. बरा आहेस ना?’

‘बरा आहे दादा,’ आम्ही म्हणालो. मग त्यांनी विचारले, ‘डब्यात भाजी कोणती आहे?’