माळढोकाचा डोळा

कोथरूडच्या एखाद्या कलादालनात वन्यजीवांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, की वाघ हटकून दर्शनी भिंतीवर असतो. प्रेक्षकाकडे रोखून पाहणारा, डोळ्यांत माणसासारखी व्यथा घेतलेला. अशा चित्रांना आपण भावपूर्ण म्हणतो. आमचा आक्षेप नेमका या भावपूर्णतेला आहे. आपली कणव प्राण्याच्या डोळ्यांत रंगवली, की ते चित्र प्राण्याचे न राहता आपले होते.

माळढोकाचेच पाहा. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजचे अभयारण्य झाले; आज देशभरात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत, आणि तेही मुख्यतः राजस्थानात. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आजूबाजूचे त्याला विस्तृत दिसते, समोरचे फार थोडे. अंगाने जड असल्याने उडताना ऐन वेळी वळणेही त्याला साधत नाही. म्हणूनच वीजवाहिन्यांवर आदळून माळढोक मरतात. चित्रकाराने त्याला आपल्याकडे टक लावून बघायला लावले, तर त्याच्या मरणाचे एक कारणच चित्रातून पुसले जाते. डोळा जिथे आहे तिथेच रंगवला, तर सहानुभूतीची वेगळी भाषा लागत नाही.

जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर हे जाणत होता. त्याने रंगवलेला सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्यात शोक नाही, आर्जव नाही. आहे तो केवळ पक्षी. भरतपूरला हे क्रौंच २००२ नंतर आलेले नाहीत. आज त्या चित्रासमोर जे गलबलते, ते आपल्या मनात. चित्र स्थिर आहे. मराठीत हा संयम व्यंकटेश माडगूळकरांनी पाळला. ‘सत्तांतर’मधल्या वानरांना त्यांनी नावे दिली, पण जगणे वानरांचेच ठेवले. माडगूळकर स्वतः रेखाटने करीत, हा योगायोग नसावा.

आणखी एक अपेक्षा. व्यक्तिचित्राच्या सोयीसाठी पार्श्वभूमी काळी किंवा कोरी ठेवली जाते. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. तो माळच त्याचे घर. सरकारी दप्तरात माळाला पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटले की त्यावर काहीही उभारता येते. चित्रातूनही माळ वगळला, तर चित्रकार नकळत त्याच दप्तराला दुजोरा देतो. संकटग्रस्त प्राण्याचा गौरव करायचा, तर त्याच्या पायांखालचे गवतही तितक्याच निष्ठेने रंगवावे लागेल.