बाप्पा, उंदीर आणि उणे चाळीस

दरवर्षी पेणहून मूर्ती आणायचं काम काकाचं. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पहिल्यांदाच ही ड्युटी माझ्याकडे आली. हरतालिकेची संध्याकाळ, धो धो पाऊस, मागच्या सीटवर धाकटा भाऊ, त्याच्या मांडीवर बाप्पा, आणि रोह्याला दाराकडे डोळे लावून बसलेली आजी. सगळं कसं फिल्मी!

कासूला भावाला वडापाव आठवला. मी पाच मिनिटं गाडी बंद केली आणि संपलं. स्टार्टर फिरतोय, इंजिन ढिम्म. वर पेट्रोलचा वास.

खरं तर गाडी महिनाभर कुरकुरत होती. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा, अ‍ॅव्हरेज खाली, मागून काळा धूर आणि सकाळी थंड इंजिनवरही रेडिएटरचा पंखा घरघरतोय. शहरातल्या एका चकाचक गॅरेजने 'कूलंट टेम्परेचर सेन्सर' बदलून माझे अठराशे रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी दिवा परत हजर. "असाच पेटतो तो, मॅडम," असं उत्तर मिळालं. मीही मान डोलावली. तुम्हीही डोलावली असतीत!

हायवेलगतच्या शेडमधून एक मेकॅनिक काका आले. त्यांनी स्टिअरिंगखाली छोटा स्कॅनर खोचला. कोड पी०११८, इंजिनचं तापमान उणे ४० अंश. कासूत! "ताई, तुमच्या गाडीला वाटतंय ती सायबेरियात आहे. म्हणून ती पेट्रोल ओततेय."

मंडळी, गंमत समजून घ्या. हा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. इंजिन थंड असताना साधारण दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना जेमतेम तीनशे. गाडीचा कॉम्प्युटर ५ व्होल्ट पाठवतो आणि परत काय येतं त्यावरून ताप ओळखतो. वायर तुटली की त्याला वाटतं, कडाक्याची थंडी. मग पेट्रोल जास्त, आणि धोका नको म्हणून बऱ्याच गाड्यांत पंखाही कायम चालू.

काकांनी सेन्सरचा कनेक्टर काढला आणि मीटर लावला. सव्वातीनशे ओहम. सेन्सर ठणठणीत! मग कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. वायरिंग धड असतं तर स्कॅनरने एकदम १३० च्या वर उडी मारली असती. आकडा उणे ४० वरच. इग्निशन चालू ठेवून दोन्ही पिनांवर व्होल्ट मोजले. एकीवर ५ यायला हवेत, दोन्हींवर शून्य. म्हणजे कॉम्प्युटरकडून येणारी वायर वाटेत तुटलेली.

टेप सोलत गेले आणि सापडलं. दातांच्या खुणा.

"उंदीर," काका म्हणाले. भावाने मांडीवरच्या मूर्तीकडे पाहिलं. बाप्पाच्या पायाशी वाहन लाडू धरून बसलेलं, अगदी निरागस चेहऱ्याने. आम्ही तिघंही हसत सुटलो.

कुरतडलेला भाग कापला, नवा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. स्कॅनरवर ७८. कोड पुसला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. साठलेलं पेट्रोल निघून जायला ही युक्ती. थोडा धूर सोडून इंजिन सुरू! बिल तीनशे रुपये.

तुमच्यासाठी दोन टिपा. सेन्सर बदलण्याआधी "वायर तपासली का?" हे विचारा. स्कॅनर पाटी वाचतो, दोषी कोण ते सांगत नाही. आणि या वायरला बल्बचा टेस्टर लावू देऊ नका, कॉम्प्युटरला इजा होऊ शकते. मीटरच हवा.

रोह्याला पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. आजीने ओवाळलं, सगळी कथा ऐकली आणि मला दटावलं, "उंदराला शिव्या देऊ नकोस हो आज."

नाही दिल्या. अठराशे रुपये घेणाऱ्याला मात्र दिल्या, मनातल्या मनात.