कुलूप लावण्याआधी किल्ली कुणाकडे आहे ते बघा

बेळगावात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. काउंटरवर मोठ्या अक्षरांत दुकानाचा मेल आयडी चिकटवलेला असतो. आपण काय करतो? मार्क्स कार्ड, आधार, जातीचा दाखला, पासबुकचं पहिलं पान, सगळं त्या आयडीवर ढकलतो, प्रिंट घेतो आणि चालू लागतो. प्रिंट आपल्यासोबत घरी येते, फाईल तिथेच राहते. आणि तीच आपण मंडळी संध्याकाळी ग्रुपवर विचारतो, "सगळ्यात सेफ मेल कुठला रे?" मीही त्यातलाच, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे हा विषय निघाला तो एका फजितीमुळे. आमच्या मुलांचा एक सामायिक मेल होता. मराठीतून कागदपत्रं मिळावीत म्हणून केलेले अर्ज, आरटीआयची उत्तरं, आणि अर्जावर सह्या केलेल्या मुलामुलींची नावं-नंबरांची यादी त्यातच. पासवर्ड आठ जणांना माहीत. त्यातले दोघे नोकरीसाठी पुण्याला गेलेले. एक दिवस लॉगिन होईना आणि ओटीपी जायला लागला एका सिनियर दादाच्या नंबरवर, जो त्यानं वर्षापूर्वीच बंद केला होता. दादा म्हणाला, "अरे, ते सिम मी कधीच टाकून दिलं की!" तो नंबर आता कुणाकडे असेल, हा विचार मनात आला तेव्हा यादीतली नावं डोळ्यांसमोर आली. त्यात पहिल्या वर्षाच्या मुली होत्या, ज्यांनी घरी न सांगता सही केली होती. ही चूक कुठल्या कंपनीची नाही, शंभर टक्के आमची.

तर आता मेल निवडायचा कसा? जीमेलमध्ये एन्क्रिप्शन नसतं असं काही जण सांगतात, ते खरं नाही. तुमच्या मोबाईलपासून गूगलच्या सर्व्हरपर्यंत मेल कुलूपबंदच जातो. मुद्दा एवढाच की त्या कुलपाची किल्ली गूगलकडेही असते. जाहिरातींसाठी मेल चाळणं बंद करणार असं गूगलनं २०१७ मध्ये जाहीर केलं, पण किल्ली काही तुम्हाला दिली नाही. झोहोचंही तसंच. गृहमंत्री अमित शहांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केलं आणि 'स्वदेशी म्हणजे सुरक्षित' असा सूर लागला. स्वदेशी असणं चांगलंच आहे, पण किल्ली कुणाकडे हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

किल्ली कंपनीकडे असली की काय होतं, हे अमेरिकेतल्या लावाबिट या सेवेनं दाखवलं. एडवर्ड स्नोडेन हीच सेवा वापरायचा. २०१३ मध्ये सरकारनं एका खात्याच्या तपासासाठी सगळ्या साइटच्याच किल्ल्या मागितल्या, म्हणजे बाकीच्या सगळ्या ग्राहकांचाही दरवाजा उघडा. मालक लॅडार लेव्हिसननं आधी त्या किल्ल्या बारीक टायपात ११ पानं छापून दिल्या, वाचताच येऊ नयेत म्हणून. शेवटी ऑगस्टमध्ये त्यानं सेवाच बंद केली. माणूस खमक्या होता म्हणून ठीक, पण आपली गुप्तता मालकाच्या स्वभावावर सोडायची का?

म्हणून प्रोटॉन मेल आणि तुटा. प्रोटॉन जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत भेटलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी काढला, तुटा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. आधी त्याचं नाव तुटानोटा होतं. दोघांतही तुमची किल्ली तुमच्याच पासवर्डनं बंद असते, त्यामुळे साठवलेला मेल कंपनीला उघडता येत नाही. प्रोटॉन पीजीपी ही जुनी, खुली पद्धत वापरतो, पण त्यात विषयाची ओळ उघडी राहते. तुटा विषयाची ओळही झाकतो, पण पीजीपी वापरणाऱ्या बाकीच्यांशी त्याचं जुळत नाही. तुटाचं फुकट खातं सहा महिने उघडलं नाही तर काढून टाकलं जातं, आणि परीक्षेच्या काळात आपण काय काय विसरतो ते मला माहीत आहे.

इथपर्यंत वाचून कुणी खूश झाला असेल तर थोडं थांबा. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या प्रकरणात फ्रेंच पोलिसांनी युरोपोलमार्फत स्वित्झर्लंडला विनंती केली. स्विस आदेश आल्यावर प्रोटॉनला त्या खात्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. मेलचा मजकूर गेला नाही, माणूस मात्र सापडला. २०२४ मध्ये कॅटलोनियाच्या आंदोलनातल्या एका खात्याबद्दल स्पेनच्या पोलिसांना प्रोटॉनकडून फक्त रिकव्हरी मेल मिळाला. तो ॲपलचा होता, आणि पुढचं नाव-गाव ॲपलकडून मिळालं. म्हणजे तिजोरी भक्कम होती, पण तिच्यावर मालकानंच आपला दुसरा पत्ता लिहून ठेवला होता. आमच्या दादाच्या सिमची गोष्ट आठवली ना?

आता आपल्या दाराशी या. २९ एप्रिल २०२५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठानं केंद्राला प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कार्यवाही सुरू करायला सांगितलं, आयटी कायद्याच्या कलम ६९ए खाली. प्रकरण होतं एका कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्यांबद्दल पाठवलेल्या अश्लील मेलचं. त्या बायकांची तक्रार खरी आणि गंभीर आहे, तिला हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझं जमणार नाही. पण एका बदमाशासाठी सगळ्यांचं टपाल बंद करणं हा उपाय मला पटत नाही. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यावर मर्यादा घालायची तर ती गरजेपुरती असावी, हेही त्याच विचारात येतं. राज्यशास्त्राच्या वर्गात आम्ही हे पाठ करतो, पेपरात लिहितो. तो निकाल आपल्या इनबॉक्सलाही लागू आहे हे मात्र लक्षात येत नाही.

"आपण काय चोरी करतोय का? लपवायचं कशाला?" असं घरची मोठी माणसं म्हणतात. आरटीआयचा अर्ज लपवायचा नसतोच, तो साध्या मेलनं जाऊ दे, उलट जितके जण वाचतील तितकं बरं. लपवायची आहे ती यादी. ज्यानं सही केली त्यानं आपल्या विश्वासावर केली, गूगलच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या नाही.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मी प्रोटॉनवरून तुमच्या जीमेलला लिहिलं, तर एक प्रत जीमेलमध्ये उघडीच पडते. पासवर्ड लावून पाठवायची सोय आहे, पण तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिणारे महाभागही मी पाहिलेत. फोन करून सांगा की! एकट्यानं खातं बदलून फारसा उपयोग नाही, ज्यांच्याशी यादी वाटायची त्यांनी सगळ्यांनी बदलायला हवं.

आम्ही शेवटी प्रोटॉन घेतला, कोर्टाचा आदेश माहीत असूनही. म्हणूनच महिन्यातून एकदा कामाचं सगळं उतरवून पेन ड्राईव्हवर ठेवतो, बंद झालाच तर तुटावर जायची तयारी आहे. यादी आता तिघांकडेच आहे, पाचांना त्याचा थोडा राग आला, चालायचंच. रिकव्हरीसाठी मोबाईल नंबर दिला नाही. त्याऐवजी जे बारा शब्द मिळतात ते कागदावर लिहिले, कारण पासवर्ड विसरला आणि हे शब्दही नसले तर जुने मेल कंपनीलाही उघडून देता येत नाहीत. तो कागद सध्या आमच्या आईच्या ट्रंकेत, तिच्या लग्नाच्या साडीखाली आहे. आईनं विचारलं, "हे इंग्लिश काय लिहिलंयस रे?" किल्ली आहे म्हटलं. तिनं ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.