दोन संगणक, एक कबड्डी

गेल्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा मला म्हणाला, "सर, चार-पाच जणांनी मिळून आपापल्या फोनवर खेळायचा खेळ मला स्वतः तयार करायचाय. पण माजलगावात राहून ते कसं जमायचं? ते पुण्या-मुंबईचं काम." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याने ते मान्यच करून टाकले होते, आणि मला वाईट वाटले ते त्याचेच.

प्रथम अंतराचा हिशेब करू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. माजलगाव ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर. तार वळसे घेत गेली म्हणून ५०० धरा. जाऊन-येऊन १००० किलोमीटर, म्हणजे ५ मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या वीसपट वेळ लागतो! सिंगापूर सुमारे ३६०० किलोमीटर दूर. तिथे जाऊन येण्यास निदान ३६ मिलिसेकंद लागणारच, आणि ते कोणालाही टळणार नाहीत. म्हणजे निसर्गाने माजलगाववर अन्याय केलेला नाही. माझ्या घरी मोबाइलवर मोजले, तेव्हा दुपारी ४० आणि संध्याकाळी १५० मिलिसेकंद निघाले. हा जादा वेळ अंतराचा नसून मनोऱ्याशी ताटकळणाऱ्या गर्दीचा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैठणहून उजव्या कालव्याने आपल्या जलाशयात पाणी येते. कालवा रुंद केला तर एका वेळी जास्त पाणी येईल. पण दार उघडल्यापासून पहिले पाणी येथे पोहोचायला लागणारा वेळ त्याने फारसा घटणार नाही. जाहिरातीत सांगतात ती इंटरनेटची गती म्हणजे कालव्याची रुंदी. खेळाला महत्त्व असते ते पहिले पाणी केव्हा पोहोचते याचे.

सर्व खेळांना ते सारखेच नसते. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली आणलेल्या लुडो किंगमध्ये फासा अर्धा सेकंद उशिरा पडला तरी कोणाचे बिघडत नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगचा २०२४ सालचा इंडस हा धावत्या नेमबाजीचा खेळ. तिथे अर्ध्या सेकंदात खेळ संपतो. म्हणून माझे मत असे की, सुरुवात लुडोच्या जातीच्या, पाळीपाळीने खेळायच्या खेळापासून करावी. आमची मुले नेमकी उलट करतात. नेमबाजीचे तयार साहित्य उतरवून घेतात, आठ दिवसांत अडकतात आणि आपल्याला डोके नाही असा निष्कर्ष काढतात.

संदेश पाठवण्याच्या दोन रीती आहेत. टीसीपी ही पूर्वीच्या रजिस्टर टपालासारखी (ते २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले): पोच मिळते, क्रम चुकत नाही. यूडीपी म्हणजे साधे पोस्टकार्ड. टाकले आणि विसरले. १९८० साली जॉन पोस्टेल यांनी तिचे नियम लिहिले ते जेमतेम तीन पानांत. लुडोला टीसीपी उत्तम. धावत्या खेळात मात्र ४१ वा संदेश हरवला, तर टीसीपी ४२ आणि ४३ वा हाती असूनही अडवून ठेवते. खेळाडू आता कुठे आहे हे कळायला हवे असताना मघाची जागा घेऊन काय करायचे? म्हणून तिथे पोस्टकार्डच बरे.

आता कबड्डी घ्या. चढाई करणारा सेकंदाला ५ मीटर धावतो आणि संदेशाला ०.१ सेकंद लागतो. तुमच्या पडद्यावर तो खऱ्या जागेच्या अर्धा मीटर मागे दिसेल. कबड्डीत अर्ध्या मीटरवर सामने जातात! उपाय नववीच्या पुस्तकात आहे: नवी जागा = जुनी जागा + वेग × वेळ. संदेशात जागेबरोबर वेगही पाठवावा आणि मधली जागा अंदाजाने काढावी. गडी एकदम वळला तर अंदाज चुकतो. मग चूक हळूहळू दुरुस्त करावी, एकदम केली तर गडी उडी मारल्यासारखा दिसतो. स्वतःचा गडी मात्र दुरून होकार येईपर्यंत थांबवून ठेवायचा नाही, लगेच हलवायचा. १९९६ साली जॉन कारमॅक यांनी क्वेकवर्ल्ड या खेळात हेच केले.

आणि पंच हवाच. दोन संगणकांवर क्षणभर दोन वेगळी चित्रे असतात. "मला शिवलेच नाही" असे प्रत्येक गडी म्हणणार, म्हणून निकाल तिसऱ्या यंत्राने, निदान दोघांपैकी ठरवलेल्या एकाने द्यावा. ज्याच्या हाती फोन त्याचाच शब्द मानला, तर लबाडीला रान मोकळे होते.

साहित्य म्हणाल तर पायथन ही फुकट मिळणारी भाषा, दोन जुने संगणक आणि फोनचे हॉटस्पॉट. त्यातून इंटरनेट नसले तरी चालते. आधी एकाच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःलाच, एक आकडा पाठवा. मग शेजारच्या संगणकाला. मग एक ठिपका सरकवा. तो नीट सरकू लागला की मुद्दाम प्रत्येक संदेश ०.२ सेकंद रोखा आणि दहातला एक फेकून द्या. खरे शिक्षण येथून पुढे.

पालक म्हणतील, आधीच मुले फोन सोडत नाहीत, त्यात सर आणखी तेल ओततात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, ती योग्यच झाली. पण खेळणे आणि खेळ घडवणे यांत फरक आहे. माझी खरी तक्रार निराळीच आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत दहा संगणक आच्छादने घालून कुलपात होते आणि त्यांतले दोनसुद्धा एकमेकांशी जोडलेले नव्हते. दोन-तीनशे रुपयांची तार आणि एक रिकामा तास, एवढेच तिथे कमी होते.

त्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत दोन संगणक जोडले. ठिपका दुसऱ्या पडद्यावर सरकला खरा, पण याने वर नेला की तिकडे खाली जाई. दोन दिवस तो तारेला दोष देत होता. एकीकडे त्याने वहीतल्या आलेखाप्रमाणे वर धन मोजले होते आणि दुसरीकडे पडद्याच्या रीतीने खाली.