गुण पुडीचा, भुर्दंड हाडांना

गुडघेदुखीवर कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली पुडी दोन दिवसांत गुण देते. भूक खवळते, चेहरा भरतो, आणि 'औषध मानवलं' असे घरचे म्हणू लागतात. शंका यायला हवी ती इथेच. अशा बिनलेबलच्या पुड्यांत आणि 'जडीबुटी'च्या गोळ्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी स्टेरॉइडे सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. तो भरलेला चेहरा म्हणजे हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेल्या विकाराचे लक्षण. त्या विकारात मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड अतोनात बनवतात; इथे तेच काम आपण गिळलेली पुडी करते. हाडांचे नुकसान दोन्हीकडे सारखेच.

शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असते, त्यातले ९९ टक्के हाडांत. रक्तातली पातळी सांभाळतात गळ्यातल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी. स्टेरॉइड वाढले की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे जास्त वाहून जाते. ही तूट भरायला पॅराथायरॉइड खवळतात आणि हाडे पोखरतात, असे बरीच वर्षे मानले जाई. पण स्टेरॉइड घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांत त्या ग्रंथींचे संप्रेरक प्रमाणातच आढळते. खरा घाव बसतो तो हाड घडवणाऱ्या पेशींवर. त्या कमी तयार होतात आणि लवकर मरतात. गवंडीच कामावर नसतील तर नुसत्या विटा आणून भिंत उभी राहत नाही. त्यामुळे स्टेरॉइडसोबत कॅल्शियमची गोळी लिहून दिली म्हणजे जबाबदारी संपली, हा समज सोडायला हवा. बऱ्याच रुग्णांना हाडे जपणारे वेगळे औषध लागते. त्यांतले टेरिपॅराटाइड तर पॅराथायरॉइड संप्रेरकाचाच एक तुकडा आहे. हे संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाडे झिजतात. रोज एकदा टोचून दिले तर ती घडू लागतात.

स्टेरॉइड हे वाईट औषध मुळीच नाही. दमा, आमवात, ल्युपस यांत ते जीव वाचवते, हातपाय चालते ठेवते. त्याच्या शोधासाठी केंडल, राइकस्टाइन आणि हेंच यांना १९५०चे नोबेल मिळाले. तक्रार आहे ती हिशेब न सांगता देण्याची. हाडे मोडण्याचा धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वाढतो. मणका कित्येकदा न दुखताच खचतो, आणि उंची कमी झाल्यावर घरच्यांच्या लक्षात येते. रोज अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांवर चालणार असेल, तर हाडांचा धोका सुरुवातीलाच तपासावा, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्याकडे किती चिठ्ठ्यांवर हाडांच्या घनतेची तपासणी लिहिलेली दिसते?

उलट बाजूही तितकीच घातक आहे. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर अॅड्रिनल ग्रंथी काम थांबवतात. पुडी एकाएकी बंद केली की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, अंगातले त्राण जाते. काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढते आणि पॅराथायरॉइडचे संप्रेरक दबते. कॅल्शियम का वाढले म्हणून शोधाशोध होते, आणि पुडीबद्दल रुग्णाला कुणी विचारतच नाही.

चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या विकायला कायद्याने मनाई आहे. अन्न व औषध प्रशासनाने सांधेदुखीच्या पुड्यांचे नमुने नियमित तपासावेत आणि निकाल जाहीर करावेत. डॉक्टरांनीही प्रत्येक सांधेदुखीच्या रुग्णाला 'आणखी काय घेता?' हे न रागावता विचारावे. रागावले की माणूस लपवतो. आणि ज्यांच्या घरी अशी पुडी आज चालू आहे, त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये. उरलेली पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.