शिपायाची रोजकीर्द

ज्या दुकानाची रोजकीर्द हरवली, त्याची खतावणी कितीही सुबक असली तरी शहाणा सावकार तिच्यावर विसंबत नाहीं. इतिहासाची गोष्ट याहून निराळी नाहीं. सेनापतींचे अहवाल, पदकांच्या याद्या आणि स्मारकांवरील आंकडे ही झाली खतावणी. ज्या शिपायानें पाणी वाहिलें, खंदक खणला व रात्रीचा पहारा केला, त्यानें स्वतःच्या हातानें टिपलेला मजकूर ही रोजकीर्द होय. दोन महायुद्धांची खतावणी आपल्या पदरीं आहे. रोजकीर्द मात्र आपण आपल्याच हातानें रद्दीवाल्याच्या तराजूंत टाकीत आहों, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

प्रथम आंकडे पाहूं. १९१४ ते १९१८ च्या युद्धांत हिंदुस्थानांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं. त्यांपैकीं सुमारें ७४ हजार परत आलीं नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी फौजेची संख्या २५ लाखांच्या घरांत गेली. त्यांत महाराष्ट्राचा वांटा लहान नव्हता. ७ डिसेंबर १९१५ रोजीं मेसोपोटेमियांतील कुत-अल-अमारा येथें तुर्की वेढा पडला, तेव्हां आंत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलें, घोडे कापले गेले, आणि घोड्याचें मांस खाऊन जगावें कीं धर्म राखून उपाशी राहावें, हा प्रश्न कोंकण-देशावरच्या शेतकऱ्याच्या मुलापुढें येऊन उभा राहिला. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली. पुढें कैद, वाळवंटांतील पायपीट आणि रेल्वेच्या कामावरची वेठ. हें सर्व ज्यांनीं भोगलें, त्यांच्या तोंडून आपण काय ऐकलें आहे?

१९२९ सालीं बसरा येथें युद्धस्मारक उभें राहिलें. तेथें गोऱ्यांचीं व हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं; साधा हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नांवाखालीं केवळ संख्या म्हणून नोंदला गेला. युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानें हा भेदभाव २०२१ सालीं उघडपणें कबूल करून क्षमा मागितली. परक्यांनीं आपल्या माणसांस आंकडा केलें, हा दोष त्यांचा. परंतु त्या आंकड्यास पुन्हां माणूस करील असा कागद आपल्याच माळ्यावर कसरीच्या तोंडीं जात असेल, तर तो दोष कोणाचा?

रोजनिशीचें मोल जाणणारे आपल्या देशांत झाले नाहींत असें नव्हे. राजपुतान्यांतील ठाकूर अमरसिंह यांनीं फ्रान्स व मेसोपोटेमिया येथील चाकरींतही आपली दैनंदिनी सोडली नाहीं. बंगाली रुग्णपथकांतील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी कुत येथें कैद झाले. त्यांनीं आपलीं टिपणें बुटांत लपवून वांचविलीं व पुढें त्यांवरून ग्रंथ लिहिला. नरिमान कारकारिया या पारशी तरुणानें सॉम, सालोनिका व पॅलेस्टाइन येथील अनुभव गुजराथींत लिहून १९२२ सालीं मुंबईंतच छापले; शंभर वर्षांनीं, २०२२ सालीं, त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें तेव्हां कोठें जगाचें लक्ष तिकडे गेलें. या पंक्तींत मराठी पान जवळजवळ रिकामें दिसतें. शिपाई बहुधा निरक्षर, आघाडीवर रोजनिशी ठेवण्यास मनाई आणि पत्रांवर तपासनिसाची नजर, हीं त्याचीं कारणें उघड आहेत. तथापि सर्वच निरक्षर नव्हते. पलटणींच्या शाळांनीं, इतर शाळांचीं दारें ज्यांना बंद होतीं अशा घरांतही अक्षर पोंचविलें. महू येथील लष्करी शाळेचे मुख्याध्यापक सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरीं डॉ. आंबेडकर जन्मले, एवढी एक गोष्ट पुरे आहे. १९१७ सालीं उभारलेली महार पलटण १९२१ सालीं मोडण्यांत आली व नवी महार रेजिमेंट निघण्यास १९४१ साल उजाडावें लागलें. मधल्या वीस वर्षांत त्या घरांनीं काय सोसलें, हें सरकारी दप्तरापेक्षां त्यांचे जुने कागद अधिक खरें सांगतील.

कोणी म्हणेल, परक्या सरकारची चाकरी, तिची आठवण कशाला? आमचें उत्तर असें कीं, रोजनिशी जपणें म्हणजे साम्राज्याची आरती ओंवाळणें नव्हे. पगार किती, रेशन कोणास अधिक, पंगत कोणाची निराळी, गोऱ्या शिपायाची वागणूक कशी, हें त्या कागदांत असतें. साम्राज्यावरची साक्ष यापरती कोणती? दुसरा म्हणेल, त्यांत आहे काय? आज बोट लागली, उद्यां डाळ मिळाली नाहीं, परवां पत्र आलें! पण हेंच तर मोलाचें. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत नाईक यशवंत घाडगे यांनीं एकट्यानें शत्रूचें ठाणें घेऊन प्राण दिला. व्हिक्टोरिया क्रॉसचें प्रशस्तिपत्र त्या कांहीं क्षणांचें वर्णन करतें. माणगांव तालुक्यांतील तरुण तेथवर कसा पोंचला, हें सांगणें त्याचें काम नव्हे. तें काम "डाळ मिळाली नाहीं" या ओळीचें आहे.

आतां आमच्या वांद्र्याकडे वळूं. येथें रणवार, चिंबई, पाली येथील जुनीं घरें असोत कीं पूर्वेकडील वसाहती असोत, जुनें पाडून नवें बांधण्याचा धडाका चालला आहे. घर रिकामें करण्यास मिळालेल्या थोड्या दिवसांत फ्रिज व कपाट आधीं हलतें. आजोबांची पत्र्याची पेटी भंगारांत जाते. तींतील अक्षर वांचतां येत नाहीं म्हणून तें निरुपयोगी समजूं नये. तें मोडी असण्याचा बराच संभव आहे. ज्या व्यापारी घरांत मोडी वह्यांचें अजून पूजन होतें, त्यांना तरी हें सांगावयास नको. सरकारच्या पुराभिलेख खात्यामार्फत मोडीचे वर्गही चालतात.

आमची विनंती थोडक्यांत अशी. पेटी टाकण्यापूर्वीं उघडावी. कागद कोरडा ठेवावा, त्यावर चिकटपट्टी लावूं नये, प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें व घराण्याचें, गांवाचें आणि पलटणीचें नांव निराळ्या कागदावर लिहून जोडावें. मूळ प्रत घरीं ठेवावयाची तर खुशाल ठेवावी, पण नक्कल वाचनालयास द्यावी. घरगुती नांवें झांकावयाचीं असतील तर झांकावीं. वांद्र्यांतील वाचनालयांनीं वर्षांतून एक दिवस या कामासाठीं टेबल मांडावें, उपनगर जिल्ह्याच्या कचेरीनें घरें खालीं करण्याच्या नोटिशीबरोबर एवढी सूचना जोडावी, आणि नक्कल व मोडी वाचन यांचा खर्च बाजारांतील चार सधन पेढ्यांनीं उचलावा. उत्सवाच्या मंडपास जी वर्गणी निघते, तिच्या अल्प अंशांत हें काम होईल.

बोलूनचालून आपण हिशेबी माणसें आहों. ज्यांनीं परमुलखांत देह ठेवला त्यांचें देणें पैशांनीं फिटणार नाहीं. परंतु त्यांच्या हातची नोंद आपल्या हातून नाहींशी होऊं न देणें, इतकें तर आपल्या हातांत खास आहे.